वाचून दाखविला, बरोबर आहे

तुमचं अक्षर फार देखणं आहे, शिराइशी साहेब.
ओळ कुठे ढळत नाही.
तुम्ही लिहिता, मी ऐकतो,
आणि मधूनच वाटतं, हा कोण बोलतोय
इतका सलग, इतका पस्तावलेला,
ज्याला तारखासुद्धा आठवतात?

"मी, कुमागाई तोकुजी, वय त्रेसष्ट,
मिकामी यांच्या गोदामाकडे पाहत असताना
मनात बरेच दिवस साठलेला राग उसळून आला."

साहेब, मी राग साठवत नाही.
मी म्हाकूळ साठवायचो, खारवून, लाकडी पिंपात.
रागालाही पिंप लागतं
हे तुमच्याकडून कळलं.
गोदाम जळालं, हे खरं.
त्या रात्री मी तिथून गेलो, हेही.
यापुढचं सगळं तुमच्या अक्षरात आहे.

आणि हा 'वाताशी'.
हाकोदातेच्या धक्क्यावर माणूस स्वतःला 'ओरे' म्हणतो,
बायकोसमोर, बोटवाल्यासमोर, देवासमोरसुद्धा.
'वाताशी' मी आयुष्यात दोनदा झालो :
तिला मागणी घालायला गेलो तेव्हा,
आणि ती गेल्यावर, दवाखान्याच्या फॉर्मवर.
आता तो तुमच्या पानापानांतून चालतोय,
हातात रॉकेलचा डबा,
पायात माझे बूट.

पहिल्याच दिवशी तुम्ही सांगितलंत,
गप्प बसायचा तुम्हाला हक्क आहे.
एका दमात, हवामानाच्या बातम्यांसारखं.
आणि लगेच विचारायला लागलात, रात्री नऊपर्यंत.
गप्प बसायचा हक्क आहे.
उठून जायचा नाही.
हे समजायला मला चार दिवस लागले.

आठव्या दिवशी ओगासावारा वकीलबाई आल्या.
मधल्या काचेला बारीक भोकं, गाळणीसारखी,
आवाज तेवढा गाळून येतो.
त्यांना सर्दी झाली होती.
म्हणाल्या, चौकशीच्या खोलीत मला बसू देत नाहीत,
तेव्हा हे तुम्हीच आत घेऊन जा :
जबाब वाचून दाखवतील. चूक वाटली तर बदलायला लावा.
बदलला नाही तर सही नको.
बदलला तरी, मनाला येत नसेल, तर नको.
मी विचारलं, आणि मग?
त्यांनी नाक पुसलं.
मग तेवीस दिवस पुरे होतील, म्हणाल्या.

आज अठरावा.
तुम्ही वाचताय, तुमचा आवाजही चांगला आहे.
"...तेवढ्यात कुत्रं भुंकलं आणि मी घाबरून..."

थांबा.
गोंता भुंकत नाही. दोन हिवाळे झाले.
चौदा वर्षांचा आहे तो, ठार बहिरा.
शेपटीवर पाय पडला तर नुसता बघतो.
लिहा, कुत्रं झोपलं होतं.

तुम्ही पेन खाली ठेवलंत.
"कुत्र्यानं काय फरक पडतो, कुमागाई-सान?
तुमची बहीण रोज बर्फात उभी असते बाहेर,
स्वच्छ कपडे घेऊन. तिचा तरी विचार करा."

करतो.
सुमिएचे गुडघे मला ठाऊक आहेत.
पण फरक पडत नसेल
तर बदला ना.

तुम्ही शाईचा पॅड पुढे सरकवता.
डाव्या हाताचं पहिलं बोट.
चाळीस वर्षं मिठात आणि सुरीखाली
त्याच्या रेषा झिजून गेल्यात.
अटकेच्या रात्री तुमच्या पोरानं पाचदा दाबून पाहिलं,
कागदावर नुसता डाग.
तुम्ही त्याच्यावर ओरडलात.
मला त्या पोराची दया आली होती.

तेच बोट आता मुठीत धरून बसलोय.
बसलोय कसला, हात कापतोय
आणि टेबलाखाली लपवलाय.

पुन्हा वाचा, साहेब, पहिल्यापासून.
घाई मला नाही.
कुत्र्यापाशी आलात की
मी थांबवीन.