साडेचार मिलिमीटर

बोहरी आळीत सुतळी-दोरखंडवाल्याच्या डोक्यावर
अठ्ठावीस पायऱ्या,
सत्ताविसावी मोडकी, तशी सूचना खडूनं भिंतीवर.
वर हकीमुद्दीनभाईंचं दुकान
आणि माझ्या पर्समध्ये भिशीचे चौदा हजार,
जे गीझरचे होते.

भाचा बरोबर. नववीतला. त्याला वाटतं
बंदूक म्हणजे धडाधड.
"सेमी-ऑटोमॅटिक दाखवा ना," म्हणाला,
जणू साबुदाणा वडा मागतोय.
भाईंनी चष्मा कपाळावर चढवला.
"त्याला परवाना लागतो, बेटा,
आणि तो तुलाही मिळणार नाही नि मलाही.
शिवाय कागदालाच भोकं पाडायचीत ना?
कागद कुठं पळून चाललाय?"

मग काउंटरवर, जुन्या चादरीवर, एकेक.
पहिली कोरी, साडेसहा हजार,
नळी मोडून स्प्रिंग ताणायची.
ताणली. खांदा म्हणाला, बाई, विचार कर.
सुटताना अशी उसळली
की नेम सोडा, माझी टिकली हलली.
दुसरी हवेच्या टाकीची, काळी, देखणी.
किंमत ऐकून तिच्यावरचा हात
तव्यावरून घ्यावा तसा काढून घेतला.
पंप वेगळा. तो सांगताना भाई खोकले.

तिसरी कपाटामागून निघाली.
जुनी. बाजूच्या दांड्यानं एकदाच हवा भरायची.
एक छर्रा, एक दम.
लाकडावर स्टिकरचं अर्धं फुलपाखरू
नि आतल्या अंगाला बॉलपेननं:
शलाका इनामके, ११ वी ब.
"सीईटीच्या वर्षी आईनं आणून दिली.
मुलगी काही परत आली नाही."
"कितीला?"
"तेरा."
"साडेबारा."
"सदाशिव पेठेतल्या का तुम्ही?"
"नाही, धायरी."
"मग तेराच."

गाल टेकवला.
लाकडात उथळ खळगा होता,
माझ्या गालाहून लहान,
दुसऱ्या कुणाच्या संध्याकाळींनी घासलेला.
मी जरा पुढं सरकले, मग मागं.
शेवटी मानच तिच्यासारखी वाकवली.

एकोणीस वर्षं मी लॅबमध्ये पेशी मोजत्येय.
उजवा डोळा मायक्रोस्कोपला,
डावा उघडा, कशाकडेच न बघणारा,
अंगठा काउंटरवर. टक. टक. टक.
अख्ख्या सिंहगड रोडचा डेंग्यू
या अंगठ्याखालून गेलाय.
कमी भरल्या तर पुन्हा मोजायच्या,
श्वास अर्धा सोडून थांबायचं.
हे कुणी शिकवायची गरज नव्हती,
फक्त याचा छंदही असू शकतो
हे माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी, वडगावला, शाळेच्या तळघरात,
तासाला ऐंशी रुपये.
शेजारी सहावीतली पोरगी,
तिचं जाकीट माझ्या महिन्याभराचं.
दहा मीटरवर कागद, काळं वर्तुळ,
मधला ठिपका खसखशीएवढा.
पाच छर्रे.
कागद दोरीवरून कुरकुरत परत आला:
पाचही खाली, डावीकडे,
घड्याळात सात वाजतात तिथं,
एकमेकांत घुसलेले, जवळजवळ एकच भोक.
मधला ठिपका कोराच.
मला वाटलं, गेला गीझर.

गावंडे सरांनी कागद ट्यूबलाइटपुढं धरला.
"चुकलात. पण एकाच जागी चुकलात," म्हणाले,
आणि त्यांना आनंद झालेला दिसला.
"हिची साइट अजून त्या आधीच्या मुलीच्या डोळ्याची आहे."
उजवीकडे चार, वर सहा.
बारका पेचकस हातात घेतला,
शलाकाला मनातल्या मनात
बघ हं, हलवते म्हटलं,
टक. टक.

घरी आले तर गॅसवर
आंघोळीच्या पाण्याचं पातेलं,
हे टॉवेल खांद्यावर टाकून उभे.
"लागला का नेम?"
"सात वाजता," मी म्हटलं.
ते बराच वेळ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.