पट

एक ऑक्टोबर, सकाळचे सव्वासात.
सेंट पॉलमधली ही शाळा आधी बोलिंगचा अड्डा होती.
ऑफिसच्या लाकडी जमिनीवर अजून बाण आहेत,
दहा पिनांच्या दिशेने,
जिथे आता फायलींचं कपाट.

व्हर्लीन टोरगर्सन चष्मा पुसते.
आज जो पटावर, त्याचाच पैसा मिळतो.
दोनशे सत्त्याऐंशी.
काल दुपारपर्यंत एक जास्त होतं.

रकाने पाच.
एशियन, एकशे एकोणीस :
त्यात मोंग, त्यात कारेन,
भूतानमधून हाकललेल्यांची नेपाळी बोलणारी नातवंडं,
ज्यांच्या आज्यांचं एकमेकींशी बोलणं
कोथिंबिरीच्या जुडीपुरतंच.
ब्लॅक, चौऱ्याण्णव :
सोमाली होदान, तिची ओरोमो मैत्रीण,
आणि टेरेल, ज्याचा पणजोबा
याच शहरात रेल्वेवर हमाल होता.
रकाना काही विचारत नाही. पोतं कुठे विचारतं?

दोन किंवा अधिक, एकवीस.
सहावीतल्या ऑगस्टीनने सगळ्याच चौकटींत फुल्या मारल्या
आणि समासात एक मासा काढला.
व्हर्लीनने तो खोडला नाही.

टक्के काढले. बेरीज केली.
शंभर पूर्णांक एक.
परत केली.
शंभर पूर्णांक एक.
दशांश वरखाली केले की असं होतं,
सव्वीस वर्षं तळटीप लिहितेच आहे ती :
बेरीज तंतोतंत जुळेलच असं नाही.

एक मूल म्हणजे साधारण शून्य पूर्णांक पस्तीस.
मग हे वरचं,
पाव मुलाहून जरासं जास्त,
कुणाचं?

काल पॉ वा आली होती दाखला न्यायला.
आईला मांसाच्या कारखान्यात रात्रपाळी मिळालीय,
इथून दोन तास दक्षिणेला.
आईच्या वतीने तीच बोलली,
सही कुठे करायची तेही तिनेच दाखवलं,
आणि दारातून मागे वळून विचारलं,
माझ्या लॉकरचं कुलूप बदलणार का तुम्ही?

प्रतीक्षायादी. मार्चमध्ये चिठ्ठ्या टाकून ठरलेली.
पहिला नंबर बंद.
दुसरीकडे मागे बाळ रडतंय :
आम्ही दुसरीकडे घातलं हो, ऑगस्टमध्येच.
तिसरा वाजतो, वाजत राहतो.
बाहेर पहिली बस लागलेली,
ओल्या बुटांची पोरं बाणांवरून पलीकडे जातायत.

मग कुणीतरी उचलतं.
आजच? आत्ता?
हो, म्हणते व्हर्लीन, आठच्या आत.
टक्केवारी सगळी परत करावी लागणार.
ती कोरा कागद ओढते.
नाव सांगा. हळू.
एकेक अक्षर.