आबा व्हिजिटवर आले तेव्हा

उम्म अल कुवैनच्या खाडीत
आमचं घर साडेदहा मीटर लांब.
आबांनी वाकून आत पाहिलं:
झुलत्या शेगडीवर कुकर,
खाऱ्या वाऱ्यानं करपलेला कढीपत्ता,
गादीखाली इस्त्रीला दाबून ठेवलेला
हेमांगीचा नर्सचा युनिफॉर्म.
मग विचारलं, ‘मासळी किती लागते?’

लागत नाही. धरतच नाही आम्ही.

‘मग होडी कशाला?’

हर्णैचे तांडेल ते. चाळीस वर्षं
समुद्रावर गेले ते परत यायलाच.
बँकेच्या फॉर्मवर ‘कायमचा पत्ता’पाशी
मी अडतो, तसे अडले थोडे,
मग बसले, पाय जवळ ओढून,
परक्याच्या ओटीवर बसावं तसे.

हेमांगी सांगत होती: शिडाचं कापड आलं की मस्कत,
तिथून जमलं तर सोकोत्रा, पुढचं पुढं.
आबा नुसतं हूं म्हणाले
आणि भात परत घेतला.

रात्री दोनला शमाल उठला.
मी धडपडत वर आलो
तर नाळेवर आबा,
लुंगी गुडघ्यावर खोचलेली,
नांगराचा दोर हाताहातानं सोडत,
ओठांत वाव मोजत.
‘झोप तू,’ माझ्याकडे न बघताच म्हणाले,
‘सात वाव जास्त दिलाय.’

सकाळी चहाला पुन्हा तेच.
‘एखादं जाळं तरी ठेवा रे.’