अकराव्या टोपलीसाठी

काइनूतल्या आमच्या गावची कागदगिरणी बंद पडली
तेव्हा तिच्या मागच्या रानात कुणीतरी
अठरा लोखंडी टोपल्या रोवल्या, साखळ्या लटकणाऱ्या.
ज्या रुळांवरून ओंडके यायचे
त्यांच्या कडेने आता आम्ही चालतो, वेइयो आणि मी,
खांद्यावर चकत्यांची पिशवी, थर्मासमध्ये कॉफी.

साचा एकच, वेइयो दर वेळी सांगतो,
जणू मला माहीत नाही.
तोच व्यास, तीच सुरीसारखी कड.
फरक फक्त आत काय ओतलं त्याचा.
गिरणीत तेवीस वर्षं लगदा ढवळलेला माणूस,
त्याच्याशी कोण वाद घालणार?

माझी चकती महागाच्या प्लास्टिकची.
उन्हाकडे धरली तर आरपार, खडीसाखरेसारखी.
चार वर्षांत खडकांवर आपटली,
डांबरावरून फरफटत गेली,
अंगावर एक ओरखडा, तोही शोधावा लागतो.
पहिल्या दिवशी शेवटाला डावीकडे झुकायची,
आजही झुकते. तेवढीच. तिथेच.
हिचा पीळ जात नाही.
फक्त पावसात साबणासारखी सटकते,
मग मी शिव्या देते
आणि वेइयो चेहरा सरळ ठेवून कॉफी ओततो.

त्याची लाल. आठ युरोची.
ओल्या बोटांनाही धरून राहणारी.
नवी होती तेव्हा तीही डावीकडे पळायची, हट्टाने.
मग पाइन लागले, बर्च लागले,
एकदा इल्माच्या सायकलचा मडगार्ड लागला.
कड कुरतडली गेली, उंदराने पाव खावा तशी,
आणि टक्केटोणपे खाता खाता
तिचं मन उजवीकडे वळलं.

अकरावी टोपली उजवीकडे आहे, स्प्रूसच्या भिंतीआड.
तिथे माझ्या आरपार चकतीचा काही उपयोग नाही.
लाल मात्र सरळ निघायची,
अर्ध्या वाटेत काहीतरी आठवल्यासारखी कलायची,
कोपऱ्यावरून आत शिरायची,
आणि अगदी शेवटी, दमल्यावर, किंचित डावीकडे.
अशी चकती दुकानात मिळत नाही.
तिला तीन उन्हाळे लागले.

डिसेंबरात उणे एकोणीस.
मी म्हटलं होतं, हे प्लास्टिक थंडीत काच होतं.
त्याने ती जॅकेटच्या आत ठेवली, पोटाशी,
फेकायच्या वेळीच बाहेर काढली.
बर्चवर आवाज वेगळा आला. धप्प नाही. टक्.
बर्फात मोठा तुकडा, आणि जरा पुढे
नखाएवढ्या चंद्राची कोर.
त्याने दोन्ही जुळवून पाहिले.
मग दोन्ही पिशवीत टाकले, वेगवेगळ्या कप्प्यांत.
बारावीपासून पुढे आम्ही बोललो नाही.

मे महिन्यात नवी लाल आली.
तोच साचा, तेच प्लास्टिक, आता साडेनऊ.
अकरावीवर फेकली. डावीकडे, थेट दलदलीत.
गुडघाभर चिखलातून तो ती घेऊन आला,
पँटला पुसली,
आणि टोपलीकडे पाठ करून
दहा पावलांवरच्या पाइनसमोर उभा राहिला.

धप्प.
गेला, उचलली, परत आला.
धप्प.
"किती वेळा?" मी विचारलं.
"मोजू नकोस."
मी मोजत होते.

मागून इल्माची नात आली, पिह्ला, सात वर्षांची.
बराच वेळ बघत राहिली.
"टोपली तिकडे आहे," ती म्हणाली, समजावणीच्या सुरात.
"माहीत आहे."
"मग?"
वेइयोला उत्तर सापडेना.
त्याने चकती तिच्यापुढे धरली.
"कडेवर लागली पाहिजे," तो म्हणाला. "जोरात."

एकतीस.
झाडाच्या सालीत लाल रंगाच्या बारीक रेघा,
खालच्या दोन तिच्या उंचीच्या.
माझी कॉफी थंड झाली होती.
मी थर्मास बंद केला, पुढे झाले,
म्हटलं, आण इकडे.