अर्ध्यावर

काटा अर्ध्यावर.
सकाळी अर्ध्यावर, रात्री अर्ध्यावर,
टाकी गळ्याशी भरली तरी अर्ध्यावर,
आणि त्या शुक्रवारी छाणी जकातनाक्याच्या अलीकडे
गाडी दोन उचक्या देऊन थांबली
तेव्हाही अर्ध्यावरच,
जेवून उठलेल्या माणसासारखा निवांत.

ॲक्टिवावरच्या एका पोराने
पाण्याच्या बाटलीतून लिटरभर पेट्रोल आणून दिलं.
पैसे मोजून घेतले. हसला नाही, हे उपकार.

फतेगंजचा इम्तियाज टाकीखाली शिरून म्हणाला,
बेन, आतला फ्लोट अडकलाय.
टाकी उतरवायची तर चौदाशे,
आणि परत अडकणार नाही असं मी लिहून देणार नाही.
मग मी काय करू?
लखी राखो ने, तो हात पुसत म्हणाला,
पेला काका लखता'ता एम.

वही डॅशबोर्डच्या खणातच होती.
दोन वर्षं मी तिच्यावर पीयूसीचे कागद ठेवत होते.
रमणिकलाल भावसार, कारेलीबाग.
गुजराती आकडे, घोटीव,
पाच काढताना प-चं पोट जरा जास्तच भरलेलं.
तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये,
आणि शेवटच्या रकान्यात भागाकार करून
लिटरला किती चालली:
१४.२
१३.९
१४.४
एकदा १६.१, आणि पुढे बारीक अक्षरात,
वारा पाठीमागून होता.

म्हणजे काटा त्यांनाही खोटंच सांगत होता.
त्यांनी त्याच्याशी भांडण काढलं नाही,
नुसतं विचारणं सोडून दिलं.

मग मंगळवार सुरू होतात.
करमसद, ९२. करमसद, ९२. करमसद, ९२.
मध्येच एक करमसद, ९४, बहुतेक औषधासाठी वाकडी वाट.
भागाकार घसरतो, १२.८,
समोर कारण: एसी चालू, गाडी उभी, चार तास.
पाऊस, दिवाळी, उत्तरायण, सगळे मंगळवार जागच्या जागी.
अकरा फेब्रुवारीनंतर नाही.

खाली एकच ओळ, जुलैतली.
पाच महिन्यांत किलोमीटर ४१.
लिटरचा रकाना कोरा,
भागाकार नाही.

मी पडदे शिवते. लोकांच्या खिडक्या मोजायला जाते,
मांजलपूर, गोत्री, वाघोडिया रोड.
माप चुकलं तर कापड माझ्या गळ्यात,
म्हणून प्रत्येक खिडकी दोनदा मोजते.
एक्केचाळीसही दोनदा मोजले.
करमसदला जायला पुरत नाहीत.
कारेलीबागेतून निघून कुठे कुठे जाऊन
माणूस पाच महिन्यांत एक्केचाळीस करतो?
देऊळ, बँक, मुलाचं घर?
की रोज थोडी सुरू करून
सोसायटीच्या फाटकापर्यंत आणि मागे,
बॅटरी बसू नये म्हणून?
गाडी विकायला मुलगा आला होता.
कागदांवर सह्या करताना तो घड्याळ बघत होता,
मीही किमतीत तीन हजार तोडले होते.

माझी पहिली नोंद त्या ओळीखाली.
मध्ये एक ओळ सोडली,
का ते सांगता येणार नाही.
नियम साधा केला: टाकी फुल, ट्रिप शून्य,
तीनशेला पंप दिसेल तिथे वळायचं,
काटा काहीही म्हणो.
विश्राम म्हणतो, मोबाइलवर होतं हे सगळं.
होत असेल.

तो डावीकडे बसतो तेव्हा कुरकुरतो,
या सीटची पाठ सरळ का होत नाही?
इतकी मागे कललेली की पुढचा रस्ता दिसत नाही,
नुसतं आभाळ आणि विजेच्या तारा.
मलाही वाटायचं लिव्हर खराब आहे.
इम्तियाजने परवा बघितलं, लिव्हर ठीक आहे,
फक्त बरेच दिवस कुणी ओढलेलं नाही.
दोन मिनिटांचं काम आहे बेन, करून देऊ?
मी म्हटलं, आज घाई आहे.

आज गोत्री, मग वाघोडिया रोड, अकरा खिडक्या.
गेल्या भरण्यापासून १६४ किलोमीटर, बारा लिटर, १३.७.
वारा समोरून.