चौपन्नावी बाटली

नियम सांगतो, रात्री नळ बंद करा,
सहा तास कुणी उघडू नये.
सकाळी पहिल्या धारेचं पाणी भरा,
एक लिटर, रुंद तोंडाच्या बाटलीत.
म्हणजे शिळं पाणी.
आमच्या इचलकरंजीत ते दिवस उजाडताच ओतून द्यायचे,
आणि इथे ओहायोत, केलर्स बेंड नावाच्या गावी,
मी त्याची पावती फाडते.

साठ घरं. साठ बाटल्या.
आम्लाचे थेंब घालते, झाकण लावते, थांबते,
मग यंत्राला पाजते.
यंत्र आकडा सांगतं: शिसं, अब्जात इतकं.
मग आकड्यांची पंगत बसवायची,
सगळ्यात लहान या टोकाला, मोठा त्या टोकाला,
आणि मोजत मोजत चौपन्नाव्या पानाशी थांबायचं.
तो पंधराच्या वर नसला की गाव पास.
पुढच्या सहा पानांवर काय वाढलंय
हे नियम विचारत नाही.

गेल्या फेरीला चौपन्नावा चौदा होता.
गुळगुळीत कागदावर पत्रक निघालं,
कोपऱ्यात निळा थेंब, थेंबाला हसरं तोंड.

साठावा होता दोनशे बारा.

नियमाला नावं ठेवायला मी बसलेली नाही.
तो नव्हता तेव्हा इथे कुणी मोजतच नव्हतं.
त्याच्याच धाकाने पाण्यात फॉस्फेट पडतं,
जुन्या पाइपांना आतून कल्हई चढते,
आणि कितीतरी घरांत आकडा खाली येतो, खरंच येतो,
माझ्या डोळ्यांदेखत आलाय.
पण कल्हई कुठे धरते, कुठे धरत नाही,
कुणाही कल्हईवाल्याला विचारा.

मग ती काउंटरवर आली. अर्नेटा पुलियम,
सत्तेचाळीस, सिकामोर स्ट्रीट.
शाळेची बस चालवते, अंगात अजून ते चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट.
हातात आमचंच पत्र, चार घड्या घातलेलं:
आपल्या नळाचा आकडा अमुक,
पाच मिनिटं पाणी सोडून मग प्यावे.
तिने विचारलं, साठात मी कितवी?
मी म्हटलं, शेवटची.
मग म्हटलं, म्हणजे, पहिली.
ती हसली नाही.
मग मला मोजलं कशाला?

उत्तर मला माहीत होतं.
साठ भरायला साठावं घर लागतं.
ते मी दिलं नाही. फिल्टरचा अर्ज दिला,
कुठे सही करायची तिथे फुली मारून.
चांगलं केलं, असं वाटत घरी गेले.

पुढच्या फेरीची यादी आली. सत्तेचाळीस नंबर नाही.
नळाला फिल्टर असलेलं घर यादीत चालत नाही,
हेही नियमातच आहे, बारीक अक्षरांत,
आणि ती अक्षरं मी पूर्वी वाचलेली होती.
तिच्या जागी दुसरं घर, नवं, प्लास्टिकच्या पाइपांचं.
चौपन्नावा आला अकरा.
पत्रकात बाण काढला, खाली जाणारा, हिरवा.
सिकामोर स्ट्रीटच्या मातीत पाइप तिथेच.

मंगळवारी ती परत आली.
या वेळी बाटली नाही, लोणच्याची बरणी,
धुतलेली, तरी झाकणाला शेपूचा वास.
म्हणाली, बाथरूमचं आहे. तिथे फिल्टर नाही बसत.
नातू तिथे दात घासतो.
रात्रभर कुणाला हात लावू दिला नाही, तुमच्यासारखंच.

बरणी चालत नाही. तोंड चालत नाही, वास चालत नाही,
यादीत नाव नाही, पावती फाडता येत नाही.
मी ती घेतली.
लेबलवर लिहिलं, शिसपेन्सिलीने,
जिच्यात शिसं नसतं, नुसतं नावात असतं:
एकसष्ट.

संध्याकाळी सगळे गेल्यावर यंत्राला पाजलं.
नोंदवहीत त्या आकड्याला रकाना नव्हता.
समासात लिहिला.