डावीकडचं दार

चौघांत मिळून एक बैठकीची खोली,
तिच्यात मांजरीचा ट्रे कुठे ठेवायचा यावर
तीन रविवार गेले.
न्हाणीघर एवढंसं, की दात घासणाऱ्याने
आधी कोपर दाराबाहेर ठेवावं.
स्वयंपाकघराचं नाव तावेतने काढलं
आणि कुणी बोलायच्या आत मागे घेतलं.
बाल्कनीत जानेवारीत
वाळूचा दगड होतो. टालिनचा जानेवारी तो.

शेवटी उर्मास उठला,
हेल्वेच्या बुटक्या कपाटापाशी उकिडवा बसला.
निळ्या कडेचे सव्वीस कप
एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळले.
मग पिपरला पुठ्ठ्यावर उभी करून
पेन्सिलीने तिच्या खांद्यांचं माप घेतलं
आणि डाव्या दाराला गोल भोक पाडलं.
चाळीस वर्षं जहाजांची भोकं बुजवत आलेला माणूस!
कड अशी घासली की
बोट फिरवलं तर कूसही लागू नये.
भुसा स्वतःच भरला.
हेल्वेबद्दल कुणी काही विचारलं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे ट्रे नाही.
कपाट आहे, वर विणलेला रुमाल आहे,
रुमालावर जुनिपरच्या फांद्यांची बरणी,
आणि बरणीमागे जे आहे
त्याचा वास खोलीभर असला तरी
तो जुनिपरचाच, असं ठरलेलं आहे.
पांढरे खडे मात्र ठरवलेलं पाळत नाहीत.
ते मोज्यांतून गादीत जातात.
एक माझ्या पासपोर्टात निघाला,
फोटोच्या पानावर, हनुवटीपाशी.

ती बिचारी स्वतःचं स्वतः पुरते.
आम्ही ते पुरणं पुरतो.
झाकलेल्यावर झाकण, झाकणावर रुमाल.

फेब्रुवारीत मारिकाची नणंद आली तार्तूहून,
ताठ पाठीची, हातमोजे मांडीवर जोडून ठेवणारी.
कॉफी ओतली, केक कापला,
आणि कपाट बोलू लागलं.
खर्र. खर्र. थांबून पुन्हा खर्र,
जणू आत कुणी विहीर खणतंय.
मारिका बर्फाबद्दल मोठ्याने बोलू लागली,
तावेत त्याहून मोठ्याने ट्रामबद्दल,
मी साखर हवी का म्हणून तिसऱ्यांदा विचारलं.
खर्र.
नणंदेने घोट गिळला आणि म्हणाली,
"आमची बाथटबमध्ये जाते.
अंघोळीला मी शेजारी जाते, त्याला झाली सहा वर्षं.
नवऱ्याला सांगितलंय, नळ बिघडलाय."

त्या दिवशी केक पुरला नाही.

कोंबडं झाकून उजाडायचं राहत नाही, हे खरं,
पण झाकणाऱ्याचे हात तरी तेवढा वेळ कामात राहतात.
तावेतचं विद्यापीठातून आलेलं पत्र
गालिच्याखाली आहे, मी झाडू मारताना पाहिलंय.
मारिका रात्री दोन वाजता
फोनवर कुणाची तरी माफी मागते, नळ सोडून.
माझं काय ते
मी इथेही लिहिणार नाही.

मार्चमध्ये पिपरचे मूत्रपिंड थकले.
डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं,
दोन घेवड्याच्या शेंगा.
भोकाची गुळगुळीत कड तिला उंच होऊ लागली.
एका संध्याकाळी पुढचा पाय उचलला,
तसाच थोडा वेळ हवेत धरला,
मग वळली, आणि खोलीच्या मधोमध,
गालिच्यावर, सगळ्यांसमोर.
करता करता आमच्याकडे पाहत राहिली,
थांब्यावर उभं माणूस ट्रामकडे पाहतं तशी.

गालिचा उचलावाच लागला.
पत्र तावेतने उचललं, ओल्या टोकाने,
टेबलावर वाळत ठेवलं, अक्षरं वर करून.
कुणी वाचलं नाही असं म्हणता येणार नाही.
"परत भरता येतो का रे फॉर्म?" मारिका म्हणाली.
"येतो की," तो म्हणाला, "शुल्क भरलं तर."

उर्मासने ट्रे बाहेर काढला,
पुढची कड करवतीने खाली उतरवली
आणि शेगडीजवळ ठेवला, उबेला.
आता आम्ही त्याच्या बाजूलाच सूप पितो.
पाळीचा तक्ता फ्रिजवर आहे अजून,
ज्याला दिसेल तो फावडी घेतो.

कप परत कपाटात गेले आहेत.
रात्री शेगडीचा उजेड भोकातून आत शिरतो
आणि एखादी निळी कड उजळते.
मोजले तर पंचवीस भरतात.
सव्विसावा मोरीवर उपडा असतो,
तळाशी कॉफीचं तपकिरी वर्तुळ.